स्वस्त सूर्याच्या शोधांत

संसाराचा हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येक गृहिणीस एक गोष्ट पुरती ठाऊक असते. एखादी वस्तु स्वस्त कीं महाग, हें केवळ तिच्या दरावरून ठरत नाहीं; ती घरांत आणून वापरण्यास एकंदर काय पडतें, यावरून ठरतें. विहिरीचें पाणी फुकट खरें. पण विहीर खणावी लागते, ती बांधून काढावी लागते, रहाट बसवावा लागतो, आणि या कामासाठीं कर्ज काढलें असेल, तर पाण्याचा पहिला झरा दिसण्यापूर्वींच व्याज सुरू होतें. शंभर हात खणूनहि पाणी लागलें नाहीं, तर त्या फुकट पाण्याइतकें महाग पाणी दुसरें कोणतेंहि नाहीं.

मानवजातीनें गेलीं सत्तर-पंचाहत्तर वर्षें अशीच एक विहीर खणावयास घेतली आहे. सूर्याच्या पोटांत जी क्रिया अखंड चालू आहे, ती पृथ्वीवर आपल्या हुकमतीखालीं घडवून आणावी व तिच्यापासून वीज काढावी, हा तो उद्योग होय. या क्रियेस अणुसंमीलन म्हणतात. तिचें मुख्य इंधन समुद्राच्या पाण्यांत भरलेलें आहे. परंतु तें जाळण्याची भट्टी मात्र एवढ्या खर्चाची ठरत आली आहे कीं, एकट्या देशास ती पेलवेना म्हणून सारीं मोठीं राष्ट्रें एकत्र आलीं. अशा वेळीं कित्येक संशोधकांनीं प्रश्नच निराळ्या रीतीनें मांडला. ‘संमीलन साधेल काय?’ एवढेंच न विचारतां, ‘तें थोड्या खर्चांत कसें साधेल?’ असें ते विचारूं लागले. या दुसऱ्या प्रश्नाची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

इंधनाचा हिशेब

अणुशक्ति म्हटली कीं, बहुतेकांच्या डोळ्यांपुढें युरेनियम उभें राहतें. जड अणुकेंद्र फोडून त्याचे दोन तुकडे करावयाचे आणि त्यांतून उष्णता मिळवावयाची, ही विभंजनाची रीत होय. तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें, तें याच तत्त्वावर. संमीलनाची रीत हिच्या बरोबर उलट आहे. तिच्यांत दोन हलकीं अणुकेंद्रें एकमेकांत मिसळून एक जड केंद्र बनतें, आणि या व्यवहारांत जें थोडेसें वस्तुमान कमी भरतें, तें शक्तीच्या रूपानें बाहेर पडतें.

या कामीं सर्वांत सोयीचीं दोन द्रव्यें म्हणजे हायड्रोजनचे दोन जड भाऊ, ड्यूटेरियम व ट्रिटियम. समुद्राच्या एक हजार लिटर पाण्यांत सुमारें ३३ ग्रॅम ड्यूटेरियम असतें, आणि तें वेगळें काढण्याची विद्या जुनीच आहे. ट्रिटियम मात्र निसर्गांत जवळजवळ सांपडत नाहीं. तें किरणोत्सर्गी आहे, सुमारें १२.३ वर्षांत निम्मे होऊन जातें. परंतु लिथियम या हलक्या धातूवर न्यूट्रॉनांचा मारा केला असतां तें तयार होतें. हीं दोन केंद्रें एकत्र आलीं कीं, त्यांतून हेलियमचें एक केंद्र व एक अतिशय वेगवान न्यूट्रॉन बाहेर पडतो.

आतां घरगुती मापानें हिशेब करूं. या मिश्रणाचें एक ग्रॅम इंधन पूर्णपणें जळलें, तर त्यांतून सुमारें ९४ हजार युनिटांइतकी उष्णता निघते. उष्णतेपासून वीज करतांना दोन-तृतीयांश भाग वाया जातो असें धरलें, तरी ३१ हजार युनिटें वीज हातीं लागते. दरमहा शंभर युनिटें जाळणाऱ्या कुटुंबास ही वीज पंचवीस वर्षें पुरेल. चिमूटभर इंधनावर एका संसाराची पाव शतकाची बेगमी होते. कोळसा नाहीं, धूर नाहीं, आणि भट्टी बिघडली तर ती भडकत नाहीं, आपोआप विझते. इतके गुण असतां ही वीज आपल्या घरांत अद्याप कां आली नाहीं?

महागाईचें मूळ

याचें उत्तर इंधनांत नसून भट्टींत आहे. दोन्ही केंद्रांवर एकाच जातीचा विद्युद्भार असल्यामुळें तीं एकमेकांस दूर लोटतात. हा विरोध मोडून त्यांची गांठ घालावयाची, तर वायु दहा ते पंधरा कोटि अंशांपर्यंत तापवावा लागतो. सूर्याच्या गाभ्याची उष्णता दीड कोटि अंशांच्या आसपास आहे. म्हणजे आपली भट्टी सूर्याहूनहि अनेक पट तापलेली हवी. सूर्याजवळ अफाट वजन आहे. त्या वजनानें त्याचा गाभा दडपलेला राहतो, आणि त्याला कसलीहि घाई नाहीं. आपल्याजवळ तें वजनहि नाहीं आणि तेवढा काळहि नाहीं. एवढ्या उष्णतेंत अणु फुटून विद्युद्भारित कणांचा जो लोळ बनतो, त्यास प्लाझ्मा म्हणतात. तो कोणत्याहि भांड्याच्या भिंतीस लागला कीं तत्काळ निवतो व भिंतीचीहि हानि करतो.

१९५५ सालीं जॉन लॉसन या इंग्रज अभियंत्यानें या साऱ्या खटाटोपाचा जमाखर्च मांडला. भट्टीनें खाल्लेल्या शक्तीपेक्षां दिलेली शक्ति अधिक व्हावयाची, तर प्लाझ्माची उष्णता पुरेशी हवी, आणि त्याची घनता व त्याची ऊब टिकण्याचा काळ यांचा गुणाकार एका ठराविक मर्यादेच्या वर गेला पाहिजे. यावरून दोन मार्ग निघाले. घनता थोडी ठेवून काळ वाढवावा, हा पहिला; आणि काळ अत्यल्प ठेवून घनता अफाट वाढवावी, हा दुसरा.

पहिल्या मार्गांत हवेपेक्षां लाखोपट विरळ असा प्लाझ्मा प्रबळ चुंबकांच्या साहाय्यानें पोकळ कड्याच्या आकारांत अधांतरीं धरून ठेवतात. सोव्हिएत शास्त्रज्ञांनीं रचलेलें ‘टोकामाक’ हें यंत्र या मार्गाचें अग्रणी होय. दक्षिण फ्रान्समध्यें उभें राहत असलेलें ‘इटर’ हें त्याचें सर्वांत मोठें रूप. त्याच्या करारावर २१ नोव्हेंबर १९०६ नव्हे, २००६ रोजीं पॅरिस येथें सह्या झाल्या. भारतासह सात पक्ष त्यांत सामील आहेत. यंत्राचें वजन सुमारें २३ हजार टन. पहिला प्लाझ्मा २०१६ सालीं पेटावा असा मूळचा संकल्प होता. २०२४ सालीं जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकाप्रमाणें संशोधनास २०३४ त आरंभ व्हावयाचा असून, खऱ्या इंधनाचा प्रयोग २०३९ वर गेला आहे. आणि खर्चांत आणखी सुमारें पांच अब्ज युरोंची भर पडली आहे. एवढें करून हें यंत्र वीज देणार नाहीं. तें केवळ प्रयोगासाठींच आहे.

दुसऱ्या मार्गांत मिरीएवढ्या गोळींत इंधन भरून तिच्यावर लेसर किरणांचा एकदम मारा करतात. गोळी शिशाहून कित्येक पट घन होईपर्यंत दडपली जाते व सेकंदाच्या एक अब्जांशाहूनहि कमी वेळांत जळून जाते. अमेरिकेंतील लिव्हरमोर येथील १९२ लेसरांच्या प्रचंड यंत्रानें ५ डिसेंबर २०२२ रोजीं इंधनावर २.०५ मेगाज्यूल प्रकाश टाकून ३.१५ मेगाज्यूल शक्ति मिळविली. साऱ्या जगानें या प्रयोगाचें कौतुक केलें, आणि तें यथार्थच होतें. परंतु घरगुती भाषेंत बोलावयाचें, तर ही शक्ति एक युनिटाहूनहि कमी होती. एवढ्या उष्णतेंत न्हाणीघरांतील बंबाचें दहा लिटर पाणी उकळलें असतें. आणि ते लेसर पेटविण्यास तारेंतून सुमारें ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८३ युनिटें, वीज घ्यावी लागली होती. इंग्लंडांतील ‘जेट’ या टोकामाकानें २०२३ च्या ऑक्टोबरांत आपल्या अखेरच्या प्रयोगमालेंत सुमारें पांच सेकंदांत ६९ मेगाज्यूल, म्हणजे १९ युनिटांइतकी उष्णता दिली. त्यासाठीं खर्ची पडलेलें इंधन अवघें ०.२ मिलिग्रॅम होतें. इंधनाची किमया खरी आहे, यांत शंका उरली नाहीं. शंका आहे ती भट्टीच्या किंमतीबद्दल.

स्वस्ताईच्या नांवाखालीं झालेली फसगत

‘थोड्या खर्चांत सूर्य’ ही कल्पना नवी नाहीं, आणि तिचा पूर्वेतिहास फारसा भूषणावहहि नाहीं. २४ मार्च १९५१ रोजीं अर्जेंटिनाचे अध्यक्ष पेरॉन यांनीं जगास कळविलें कीं, ह्युएमुल नांवाच्या एका बेटावर रोनाल्ड रिश्टर या शास्त्रज्ञानें हें कार्य साधलें आहे. यापुढें शक्ति दुधाप्रमाणें बाटल्यांतून विकली जाईल. चौकशी झाली तेव्हां त्यांत कांहींच तथ्य नसल्याचें आढळून आलें व १९५२ सालीं तो उद्योग बंद पडला. मात्र त्या खोट्या वार्तेचें एक खरें फळ निघालें. ती वाचून प्रिन्स्टनचे ज्योतिःशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर विचारांत पडले, आणि बर्फावर घसरण्याच्या खेळासाठीं सुटीवर गेले असतां त्यांस ‘स्टेलरेटर’ या चुंबकयंत्राची कल्पना सुचली.

पुढें १९५८ च्या जानेवारींत इंग्लंडांतील हार्वेल येथील ‘झीटा’ यंत्रांतून संमीलनाचे न्यूट्रॉन मिळाल्याचें मोठ्या थाटानें प्रसिद्ध झालें. मे महिन्यांत ते न्यूट्रॉन खऱ्या उष्णतेपासून निघालेले नव्हते, असें त्याच संस्थेस सांगावें लागलें. १९८९ च्या मार्चांत अमेरिकेंतील युटा येथील दोन रसायनशास्त्रज्ञांनीं, जड पाण्यांत पॅलॅडियमची कांडी बुडवून टेबलावरच संमीलन घडविल्याचा दावा केला. तोहि इतर प्रयोगशाळांच्या कसोटीस उतरला नाहीं.

या तीन हकीकतींची प्रत एकसारखी नाहीं. पहिलींत भ्रम व सत्तेचा हव्यास होता. दुसरींत प्रामाणिक घाई होती. तिसरींत प्रसिद्धि अगोदर व पडताळा मागाहून, असा उलटा क्रम होता. परंतु तिहींचा परिणाम मात्र एकच झाला. संमीलन स्वस्तांत होईल असें जो म्हणेल, त्याच्याकडे शहाणे लोक संशयानें पाहूं लागले, आणि सरकारांचा पैसा मोठ्या यंत्रांकडेच वळला.

मधला मार्ग

आतां वर सांगितलेल्या दोन मार्गांकडे पुन्हां पाहूं. एकांत प्लाझ्मा अतिशय विरळ, दुसऱ्यांत अतिशय घन. दोहोंच्या घनतेंत एकावर अकरा शून्यें देऊन होणाऱ्या संख्येइतकें अंतर आहे. विरळ प्लाझ्मास जागा फार लागते, म्हणून यंत्र अवाढव्य होतें व त्याचे चुंबक महाग पडतात. घन प्लाझ्मास निमिषार्धांत शक्ति पुरवावी लागते, म्हणून लेसर महाग पडतात. मग या दोन टोकांच्या मधल्या प्रदेशांत काय आहे? अमेरिकेंतील लिंडमथ व सीमन या दोन शास्त्रज्ञांनीं २००९ सालीं हा हिशेब पद्धतशीर मांडला आणि असें दाखविलें कीं, मधल्या प्रदेशांत यंत्रहि लहान चालतें आणि शक्तीचा पुरवठाहि बेताचा पुरतो. म्हणजे एकंदर खर्च तेथें कमी व्हावा.

याच विचारास अनुसरून अमेरिकी सरकारच्या ऊर्जाखात्यानें २०१५ सालीं ‘अल्फा’ नांवाच्या योजनेखालीं नऊ संशोधक-गटांस मिळून सुमारें तीन कोटि डॉलर दिले. मोठ्या यंत्रांच्या मानानें ही रक्कम म्हणजे पंगतींतल्या मिठाचा खर्च! परंतु योजनेचें मर्म रकमेंत नव्हतें. यंत्र लहान व स्वस्त असेल, तर तें वर्षा-दीड वर्षांत उभें राहतें, बिघडलें तर मोडून दुसरें करतां येतें. वीस वर्षें खपून बांधलेल्या यंत्रांत दोष निघाला, तर तो सुधारावयास एक पिढी लागते. तेव्हां स्वस्ताईचा खरा लाभ पैशाच्या बचतींत नसून, चुका लवकर करून लवकर शिकण्याच्या सवलतींत आहे.

मधल्या मार्गाची एक युक्ति अशी: चुंबकक्षेत्रांत धरलेला प्लाझ्मा एका पोकळींत सोडावयाचा आणि भोंवतालचें द्रवरूप धातूचें कवच एकदम आंत दाबून तो चिरडावयाचा. पिचकारींतील हवा दाबली असतां ती तापते, तेंच हें तत्त्व. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेंत ‘लायनस’ या नांवानें ही कल्पना पुढें आली होती. तिला नवा जन्म दिला तो कॅनडांतील मिशेल लाबर्ज या पदार्थवैज्ञानिकानें. छपाईच्या यंत्रांसाठीं लेसरसाधनें करणाऱ्या कंपनींतील नोकरी सोडून त्यानें २००२ सालीं ‘जनरल फ्यूजन’ ही संस्था काढली. तिच्या योजनेंत धातूचा द्रव तीन कामें एकदम करतो: प्लाझ्मा दाबतो, न्यूट्रॉन शोषून घेऊन यंत्राच्या भिंती वांचवितो, आणि त्यांतील लिथियमपासून नवें ट्रिटियम तयार करतो. कल्पना सुटसुटीत आहे. परंतु ती सिद्ध करण्याचें काम दीर्घकाळ चालूनहि पुरें झालेलें नाहीं, आणि २०२५ च्या मे महिन्यांत भांडवलाच्या टंचाईमुळें संस्थेस आपली कांहीं माणसें कमी करावीं लागलीं. लहान यंत्रासहि पैसा लागतोच; फक्त तो सरकारऐवजीं भांडवलवाल्यांकडून आला, तर त्यांचा धीर लवकर सुटतो.

विजेनें चेपलेली नळी

दुसरी युक्ति याहूनहि जुनी व अधिक मनोरंजक आहे. ऑस्ट्रेलियांत न्यू साउथ वेल्स प्रांतीं हार्टले व्हेल येथें रॉकेल शुद्ध करण्याचा एक कारखाना होता. त्याच्या धुराड्यावर तांब्याच्या पोकळ नळीचा वीजवाहक बसविला होता. तीवर वीज पडली आणि नळी चेपून गेली. १९०५ सालीं पोलॉक व बॅराक्लॉ या दोघांनीं त्याचें कारण शोधून काढलें. विद्युत्प्रवाह वाहूं लागला कीं त्याच्या भोंवतीं चुंबकक्षेत्र उत्पन्न होतें, आणि तें क्षेत्र त्या प्रवाहासच आंतल्या बाजूस आवळतें. प्रवाह प्रचंड असेल, तर हा आवळा तांब्याची नळीहि चेपूं शकतो.

मग या आवळ्यानें वायु कां चेपूं नये? या रीतींत बाहेरचे महाग चुंबक मुळींच नकोत. प्रवाह स्वतःच चुंबकाचें काम करतो. म्हणूनच संमीलनाच्या आरंभींच्या काळांत कित्येकांनीं हीच वाट धरली. पण वाटेंत एक विघ्न उभें राहिलें. प्लाझ्माचा तो बारीक दोर सरळ राहीना. कोठें त्याला फुगवटे येत, कोठें तो सापासारखा वळसे घेई, आणि सेकंदाच्या दशलक्षांशापूर्वींच तुटून जाई. अखेर बहुतेकांनीं ही वाट सोडून दिली.

१९९५ सालीं शुमलाक व हार्टमन यांनीं गणितानें दाखविलें कीं, प्लाझ्माचा दोर लांबीच्या दिशेनें वाहता ठेवला, आणि त्याच्या निरनिराळ्या थरांचा वेग निरनिराळा राखला, तर वळसे वाढूं शकत नाहींत. वांकडें होऊं पाहणारा एक थर शेजारच्या थरापासून ओढला जातो व ती विकृति पसरण्यापूर्वींच मोडते. नदींत मधली धार वेगवान व कांठाची संथ असली, म्हणजे पाण्यावर टाकलेली रेघ जशी क्षणांत विस्कटते, तसेंच कांहींसें हें आहे. शुमलाक यांनीं सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत लहान यंत्रें बांधून हें प्रत्यक्ष पडताळून पाहिलें; अल्फा योजनेचा पैसाहि त्यांस मिळाला, आणि २०१७ सालीं ‘झॅप एनर्जी’ ही कंपनी निघाली. तिच्या यंत्रांतील प्लाझ्माचा दोर सुमारें अर्धा मीटर लांब व बोटाहून बारीक असतो. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या मापनांत त्यांतील इलेक्ट्रॉनांची उष्णता एक ते साडेतीन कोटि अंशांच्या दरम्यान भरली. एका खोलींत मावणाऱ्या यंत्रास सूर्याच्या गाभ्याची उष्णता गांठतां आली, हें खचित लहान यश नव्हे. परंतु खाल्लेल्या विजेइतकी वीज देण्यापासून तें यंत्र अजून फार दूर आहे. त्यासाठीं प्रवाह पुष्कळ वाढवावा लागेल, आणि तो वाढविला असतां दोर सरळच राहील, हें अद्याप सिद्ध व्हावयाचें आहे.

चुंबकाची नवी फीत

कांहीं संशोधकांनीं मात्र जुनीच वाट धरून तिच्यावरचा खर्च कमी करण्याचें योजिलें. टोकामाकांत प्लाझ्माच्या एका घनमीटरांतून निघणारी शक्ति, इतर गोष्टी सारख्या असतां, चुंबकक्षेत्राच्या चतुर्थ घाताप्रमाणें वाढते. क्षेत्र दुप्पट केलें, तर शक्ति सोळापट! म्हणजे चुंबक प्रबळ असेल तर यंत्र लहान करतां येतें. परंतु जुन्या अतिवाहक तारा फार प्रबळ क्षेत्र सहन करीत नसत, आणि त्यांस उणे २६९ अंशांपर्यंत गोठवावें लागे.

१९८६ सालीं झुरिच येथें बेडनोर्झ व म्युलर यांनीं त्यामानानें पुष्कळ ‘उबदार’ अवस्थेंत अतिवाहक होणारें एक नवें द्रव्य शोधून काढलें. पुढच्याच वर्षीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. तें द्रव्य मातीच्या भांड्यासारखें ठिसूळ. त्याच्या वर्गांतील द्रव्यांचा पातळ थर धातूच्या फितीवर चढवून मैलोगणती फीत काढण्यास पुढें तीन दशकें गेलीं. मग मात्र फळ दिसूं लागलें. ५ सप्टेंबर २०२१ रोजीं अमेरिकेंतील एम.आय.टी. व तिच्यांतून निघालेली ‘कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स’ ही कंपनी, या दोघांनीं मिळून २६७ किलोमीटर फितीच्या एका चुंबकांतून २० टेस्ला क्षेत्र मिळविलें. या चुंबकांवर उभारावयाच्या ‘स्पार्क’ यंत्राच्या कड्याची त्रिज्या १.८५ मीटर आहे, इटरची ६.२ मीटर.

स्पिट्झर यांच्या स्टेलरेटरची कथाहि अशीच आहे. त्या यंत्राचीं वेटोळीं चमत्कारिक पिळाचीं असतात व तीं अत्यंत काटेकोर बसवावीं लागतात. या कामाच्या वाढत्या खर्चामुळेंच प्रिन्स्टन येथील एक अर्धवट बांधलेलें यंत्र २००८ सालीं सरकारनें रद्द केलें. त्याच प्रिन्स्टनमध्यें पुढें ‘म्यूझ’ नांवाचें एक छोटें यंत्र बनविण्यांत आलें. बाजारांत मिळणारे सुमारें दहा हजार कायम चुंबक, त्रिमिति छपाईनें केलेल्या कवचांत ओळीनें बसवून, पिळाच्या वेटोळ्यांचें बरेंचसें काम त्यांनीं साध्या चुंबकांकडून करवून घेतलें. हें यंत्र संमीलनासाठीं नाहीं. परंतु एके ठिकाणीं ज्या अवघड कामापायीं कोट्यवधि डॉलर बुडाले, तें काम साध्या सामानानेंहि होऊं शकतें, एवढें त्यानें दाखविलें.

अजून काय उरलें आहे

या प्रगतीनें हुरळून जाण्यापूर्वीं उरलेल्या अडचणीहि सांगितल्या पाहिजेत. पहिली अडचण ट्रिटियमची. एक हजार मेगावॅट उष्णता वर्षभर देणाऱ्या भट्टीस सुमारें ५६ किलो ट्रिटियम लागेल. आणि मुख्यतः कॅनडांतील जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून जगास उपलब्ध होणारा सांठा कांहीं दशक किलोंपलीकडे नाहीं. तेव्हां प्रत्येक भट्टीनें आपलें ट्रिटियम आपणच तयार केलें पाहिजे, आणि हें काम पूर्ण प्रमाणावर अद्याप कोणींहि करून दाखविलेलें नाहीं. दुसरी अडचण न्यूट्रॉनांची. त्यांच्या अखंड माऱ्यानें पोलादहि ठिसूळ होतें. भिंती वरचेवर बदलाव्या लागल्या, तर स्वस्त यंत्रहि शेवटीं महागच पडेल.

तिसरी गोष्ट व्यवहाराची आहे. भट्टी फुकट मिळाली तरी वाफेचीं चक्रें, जनित्रें, इमारती व तारा यांचा खर्च चुकत नाहीं. शिवाय बाजारांत प्रतिस्पर्धीहि आहेत. २०१० ते २०२० या दशकांत सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या वीजतक्त्यांची किंमत सुमारें नऊ-दशांश कमी झाली. आकाशांतला सूर्य एवढा स्वस्त झाला असतां, पृथ्वीवर दुसरा सूर्य कशास हवा, असें कोणी विचारील. त्यास उत्तर आहे: रात्र आहे, आपल्याकडे चार महिने पावसाळा आहे, आणि कारखान्यांची चक्रें ढगांकडे पाहून फिरत नाहींत. पण हें उत्तर पटावयाचें असेल, तर संमीलनाची वीज नुसती शक्य असून भागणार नाहीं. ती परवडली पाहिजे. म्हणूनच ‘थोड्या खर्चांत’ हे दोन शब्द या उद्योगाचे अलंकार नसून त्याचा पाया होत.

आपला संबंध

या साऱ्या हकीकतींत आपला देश केवळ प्रेक्षक आहे, असें कोणी समजूं नये. १९५५ च्या ऑगस्टांत जिनीव्हा येथें अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयीं जी पहिली जागतिक परिषद् भरली, तिच्या अध्यक्षपदावरून मुंबईच्या डॉ. होमी भाभा यांनींच, येत्या दोन दशकांत संमीलनशक्ति काबूंत आणण्याची रीत सांपडेल, असें भाकित केलें होतें. तीं दोन दशकें १९७५ सालींच उलटलीं. तथापि भाकित चुकलें म्हणून दृष्टि चुकली असें होत नाहीं. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेंत १९८९ सालीं ‘आदित्य’ हा टोकामाक सुरू झाला. तो याच देशांत रचलेला व बांधलेला होता. इटर यंत्रास सर्व बाजूंनीं वेढणारें ३,८५० टन वजनाचें पोलादी निर्वात पात्र सुरतेजवळ हजिरा येथें तयार होऊन तुकड्यातुकड्यांनीं फ्रान्सला गेलें. अवाढव्य यंत्राचें पात्र घडविण्याचें कसब ज्या देशांत आहे, त्यास लहान यंत्राचें अप्रूप वाटण्याचें कारण नाहीं. उलट, ज्याची गांठ लहान, त्यानेंच लहान यंत्राच्या विद्येंत अधिक लक्ष घालणें शहाणपणाचें.

वर्तमानपत्रांत यापुढें संमीलनाच्या वार्ता वारंवार येत राहतील. त्या वाचतांना सुज्ञ वाचकांनीं तीन प्रश्न मनाशीं अवश्य विचारावे. शक्ति जास्त निघाली असें म्हणतात, ती कशापेक्षां जास्त? इंधनावर पडलेल्या किरणांपेक्षां, कीं भिंतींतल्या तारेंतून घेतलेल्या विजेपेक्षां? ती किती वेळ टिकली? आणि दुसऱ्या कोणीं तो प्रयोग करून पाहिला आहे काय? या तीन प्रश्नांनीं १९५१ ची वार्ता एका दिवसांत निकालांत निघाली असती. आणि हेच प्रश्न २०२२ च्या वार्तेस विचारले असतां, तींतील खरें यश किती व बाकीचें काम किती, हेंहि स्पष्ट दिसतें.

स्वस्त संमीलनाचें एकहि यंत्र आजवर स्वतःच्या खर्चापुरती वीज काढूं शकलेलें नाहीं, ही वस्तुस्थिति आहे. तसेंच, पूर्वीं जें काम केवळ मोठ्या राष्ट्रांच्या संघानेंच करावें असें वाटे, तें आज विद्यापीठांतील एका खोलींतहि थोडेंबहुत पुढें सरकतें, हीहि वस्तुस्थितिच आहे. आपल्या घरांतील जीं मुलें आज पदार्थविज्ञान व धातुविद्या शिकत आहेत, त्यांच्या हयातींत या प्रश्नाचा निकाल लागण्याचा पुष्कळ संभव आहे. त्यांनीं मोठ्या यंत्रांचीं वर्णनें वाचावींच. परंतु न्यूट्रॉन सोसणारें पोलाद, लिथियमचा द्रव वाहून नेणारा पंप, वारंवार उघड-मीट सहन करणारी विजेची कळ, असल्या साध्या दिसणाऱ्या वस्तूंकडेहि लक्ष द्यावें. विहिरीला पाणी लागेल कीं नाहीं, हें पुष्कळदां पहारीच्या टोकावर अवलंबून असतें.